सीताफळाच्या झाडापासून कर्करोगापर्यंत
(मारुंजी येथे रात्रीच्या वर्गात दिलेले भाषण)



आज धडा वाचायचा नाही. पुस्तके मिटून ठेवा. आज आम्ही एका बाईची गोष्ट सांगणार आहोत. खरी गोष्ट आहे, आणि बाई आपल्या पुण्याची आहे. तिचे नाव डॉक्टर कमल रणदिवे. तिने सारे आयुष्य एका रोगाच्या मागावर घालवले. त्या रोगाचे नाव कर्करोग. आपण त्याला कॅन्सर म्हणतो. पुष्कळ घरांत तर तेवढेही म्हणत नाहीत. "त्याला ते झालंय," एवढेच हळू आवाजात बोलतात.

नाव घ्यायला भिऊ नका. कर्क म्हणजे खेकडा. भाताच्या बांधाला बिळे करतो तोच. फार जुन्या काळी ग्रीस देशातल्या वैद्यांनी अशी गाठ पाहिली. गाठीभोवती शिरा फुगून पसरल्या होत्या. खेकड्याच्या नांग्यांसारख्या त्या दिसल्या. तेव्हापासून हे नाव पडले.

आम्हाला स्वतःला हा खेकडा एकदा धरून गेला आहे. ते पुढे सांगू. आधी कमलताईंचे ऐका.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव कमल समर्थ. वडील दिनकरराव समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. जीवशास्त्र म्हणजे झाडे, किडे, जनावरे, माणसे यांचे शरीर कसे चालते त्याचे शास्त्र. त्या काळी मुलीला चौथीपर्यंत शिकवले तरी पुष्कळ झाले, असे लोक म्हणत. दिनकररावांनी आपली सगळी मुले शिकवली. मुलगी हुजूरपागेत जाऊ लागली. लक्ष्मी रस्त्याला गेलात तर ती शाळा अजून तिथे आहे. मुलींची गर्दी असते.

वडिलांच्या मनात होते की कमलने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे. बापाने मनात मांडलेले मुलीने ऐकायचे, असा तो काळ. पण मुलीने झाडे आणि प्राणी यांचाच अभ्यास धरला. वडिलांनी तिला अडवल्याचे आम्ही कुठे वाचले नाही. पुढे १९३९ साली लग्न झाले तेही डॉक्टरशी नव्हे, गणित शिकलेल्या रणदिव्यांशी. बायकोने पुढे शिकावे म्हणून या नवऱ्याने मदत केली. हे वाक्य आम्ही मुद्दाम सावकाश बोललो. मागे बसलेल्या दादांना ऐकू गेले ना?

लग्नानंतरही ताईंनी अभ्यास सोडला नाही. १९४३ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजातून त्यांनी एम. एस्सी. ही वरची परीक्षा दिली. अभ्यास कशाचा केला असेल? सीताफळाचा! सीताफळ, रामफळ या कुळातल्या झाडांचा. त्यांच्या पेशींच्या आत काय असते ते त्या सूक्ष्मदर्शकातून पाहत. सूक्ष्मदर्शक म्हणजे बारीक वस्तू मोठी करून दाखवणारे यंत्र.

आता पेशी म्हणजे काय? मधाचे पोळे पाहिले आहे तुम्ही. दुरून एक दिसते, जवळून पाहिले तर बारीक बारीक घरे. तसे आपले शरीर आहे. कातडे, रक्त, हाड, सारे अशा घरांचे बनलेले आहे. एकेक घर म्हणजे एक पेशी. डोळ्यांना ती दिसत नाही. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार होतात. म्हणून मूल वाढते आणि विळ्याने कापलेले बोट भरून येते. बोट भरले की पेशी थांबतात. कुणी हुकूम दिला नाही तरी थांबतात. हे थांबणे फार मोठी गोष्ट आहे. जी पेशी थांबायचे विसरते, तिची गाठ होते. त्या गाठीतल्या पेशी शेजारी घुसतात, रक्तातून दूर जाऊन तिथे बस्तान मांडतात. हाच कर्करोग. बाहेरून आलेले भूत नव्हे, कुणाची करणी नव्हे, मागल्या जन्माचे पाप नव्हे. आपलीच पेशी, पण बेताल झालेली.

झाडाच्या पेशी पाहणारी बाई माणसाच्या पेशीकडे कशी वळली? लग्नानंतर ताई मुंबईस राहायला गेल्या. परळला टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झाले होते. कॅन्सरच्या रोग्यांसाठी ते उभारले होते. तिथे वसंत रामजी खानोलकर नावाचे मोठे डॉक्टर होते. रोगी माणसाच्या शरीराचा तुकडा तपासून रोग ओळखणे हे त्यांचे काम. त्यांनी मुंबईतले तोंडाच्या कर्करोगाचे एक हजार रोगी अभ्यासले आणि १९४४ साली त्याचा लेख छापला. त्यांच्या हाताखाली ताईंनी काम केले. १९४९ साली मुंबई विद्यापीठाने ताईंना डॉक्टर पदवी दिली. ही सुई टोचणाऱ्या डॉक्टरांची पदवी नव्हे. नवे काही शोधून काढले म्हणून देतात ती.

मग त्या अमेरिकेला गेल्या. बाल्टिमोर नावाच्या शहरी जॉर्ज गाय म्हणून एक शास्त्रज्ञ होते. ते शरीराबाहेर, काचेच्या नळीत माणसाच्या पेशी जिवंत ठेवायचा प्रयत्न करीत. आपण राब भाजतो, वाफ्यात इंद्रायणीचे रोप टाकतो, मग खाचरात लावणी करतो. वाफ्यात रोप जपावे लागते. पाणी जास्त नको, कमी नको. तसेच हे काम. नळीत पेशींना खाणे द्यायचे, ऊब द्यायची, घाण लागू द्यायची नाही. एवढे करूनही पेशी मरत. गायसाहेबांची वर्षे त्यात गेली.

त्याच प्रयोगशाळेत १९५१ साली एक प्रकार घडला. हेन्रिएटा लॅक्स नावाची एक गरीब काळी बाई होती. खेड्यात तंबाखूच्या शेतात राबून मोठी झालेली, पाच लेकरांची आई. तिला गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी तिच्या गाठीचा तुकडा काढला आणि तो गायसाहेबांकडे गेला. तिला विचारले नाही, सांगितलेही नाही. त्या पेशी मात्र मेल्या नाहीत. वाढतच राहिल्या. बाई त्याच वर्षी वारली, वय ३१. तिच्या पेशी आजही जगभर प्रयोगशाळांतून वाढत आहेत आणि त्यांच्यावर कितीतरी औषधांची परीक्षा झाली आहे. घरच्यांना याचा पत्ता लागायला वीसेक वर्षे गेली. जगाचे भले झाले हे खरे. पण विचारायला हवे होते, असे आम्हाला वाटते. गरिबाच्या शरीरालाही मालक असतो.

ताई अमेरिकेत विद्या शिकल्या आणि परत आल्या. तिकडे राहिल्या असत्या तर पैसा मिळाला असता, सोयी मिळाल्या असत्या. मुंबईत १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले. तिथे त्यांनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. आपल्या देशात अशी प्रयोगशाळा तोवर नव्हती. पुढे परदेशी असलेल्या आपल्या तरुण शास्त्रज्ञांनाही त्यांनी बोलावून आणले. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. आज ते काम नव्या मुंबईत खारघरला चालते.

आता त्यांनी शोधले काय? त्यांचा मुख्य अभ्यास बायकांच्या स्तनाच्या कर्करोगाचा. हसू नका, माना खाली घालू नका. हाताला हात म्हणतो, तसे स्तनाला स्तन म्हणायचे. त्या उंदरांवर प्रयोग करीत. उंदराची पिढी लवकर वाढते, त्यामुळे आजी, आई आणि नात अशा तिन्ही पिढ्या थोड्या काळात पाहता येतात. काही उंदरांच्या कुळांत स्तनाच्या गाठी पुष्कळ होत, काहींत होत नसत. असे का? ताईंना दिसले की कारण एकच नाही. कुळातून आलेले काही असते. शरीरातल्या ग्रंथींतून जे रस रक्तात सुटतात, त्यांचाही संबंध असतो. उंदरांत तर एक बारीक विषाणूही असतो, आणि तो आईच्या दुधातून पिलात जातो.

थांबा, घाबरू नका. ही उंदरांची गोष्ट आहे. बाईच्या दुधाने बाळाला कॅन्सर होत नाही. बाळाला पाजणे आईलाही चांगले. आणि आईला रोग झाला म्हणून मुलीला होतोच असेही नाही. स्तनाच्या दहा रोग्यांत फार तर एकीचा रोग कुळातून आलेला असतो. म्हणून अशा घरची मुलगी करायची नाही, असे जे लोक म्हणतात, ते अडाणीपणाचे बोलणे आहे. तिने तपासणी मात्र लवकर सुरू करावी.

उंदरांचे इतके सांगायचे कारण आमच्या थोरल्या वहिनी. आमची आई लवकर गेली. वहिनींनीच आम्हाला वाढवले. त्यांच्या स्तनात गाठ आली. लिंबाएवढी. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, असे त्यांनी धरले. दादांना सांगायची लाज, आम्हाला सांगायची तर त्याहून लाज. दोन वर्षे पदराखाली झाकून त्या भात लावत होत्या, झोडत होत्या. गाठ फुटली, वास येऊ लागला, तेव्हा आमच्या मंडळींना कळले. मग कुणाचा लेप, कुणाचा अंगारा, यात आणखी तीन महिने गेले. दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, फार उशीर केलात." आम्ही शाळेत शंभर पोरांना आरोग्याचे धडे शिकवत होतो, आणि घरात हे चालले होते. वहिनी त्या वर्षीच्या दिवाळीआधी गेल्या.

म्हणून सांगतो, बायांनो. न दुखणारी गाठ हीच आधी दाखवायची. स्तनाचे कातडे आत ओढले गेले, बोंडातून रक्त आले, काखेत गाठ लागली, तरी दाखवायचे. सगळ्या गाठी कर्करोगाच्या नसतात, बहुतेक साध्याच निघतात. पण ते ठरवायचे डॉक्टरने, आपण नाही. आशाताईंना सांगा. तिशीच्या पुढे तोंड, स्तन आणि गर्भपिशवीचे तोंड तपासायची सोय सरकारने केली आहे.

हातांनी तपासून उपयोग होतो का, असे कुणी विचारील. होतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा हॉस्पिटलने दीड लाख बायकांवर वीस वर्षे याची परीक्षा केली. काम १९९८ साली सुरू झाले. निम्म्या बायकांचे स्तन दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासले. यंत्र नाही. तपासणाऱ्या कोण? दहावीपर्यंत शिकलेल्या, चार-दोन आठवडे शिकवून तयार केलेल्या बाया. २०२१ साली निकाल छापला. तपासलेल्या बायांचा रोग लवकर सापडला. पन्नाशीच्या पुढच्या बायांत या रोगाने होणारे मृत्यू शेकडा ३० च्या आसपास कमी झाले. त्याहून लहान बायांत मृत्यूत तसा फरक दिसला नाही, तेही सांगितले पाहिजे. आम्हीही मॅट्रिकच आहोत. दहावी झालेल्या बाईच्या बोटांनी एवढे काम केले हे वाचून आम्हाला फार बरे वाटले.

आता आमचे. आम्ही तीस वर्षे तंबाखू मळली. वर्गात फळ्याकडे तोंड करून गाल भरायचा. पोरांना वाटे गुरुजी गणित मांडतात. सुटल्यावर घसा बसला तो उठेचना. आधी ज्या दवाखान्यात गेलो तिथे सहा आठवडे खोकल्याचे औषधच मिळाले. वहिनी आठवल्या म्हणून हट्टाने पुढे गेलो. घशात कॅन्सर निघाला, पण लवकरचा. किरणांचा शेक दिला आणि आठवड्याला एक औषध शिरेतून दिले. त्याचे नाव सिस्प्लॅटिन. हे औषध म्हणजे प्लॅटिनम या महागड्या धातूचे एक रूप आहे. अमेरिकेत रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ १९६० नंतरच्या वर्षांत जंतूंच्या पाण्यातून वीज सोडून पाहत होते. वीज सोडायला प्लॅटिनमच्या पट्ट्या होत्या. जंतूंचे एकाचे दोन होणेच थांबले. ते विजेने थांबले नव्हते. पट्टीतला धातू पाण्यात उतरला होता, त्याने थांबले होते. मग जे जंतू थांबवते ते गाठ थांबवील का, असा विचार आला. १९७८ साली ते औषध म्हणून मान्य झाले. आम्ही त्यानेच वाचलो.

पण कान गेले. पहिल्यांदा कानात शीळ वाजू लागली. मग पावसाळ्यात एकदा आम्ही म्हटले, "यंदा रातकिडे कुठे गेले?" मंडळी म्हणाल्या, "किरकिर करून डोके उठवलंय त्यांनी!" आम्हाला काही नाही. कुणी 'सात' म्हटले की आम्हाला 'आत' ऐकू येई. नात बोलली की तोंड हलताना दिसे.

पुढे कानाच्या डॉक्टरणीने समजावून दिले. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी नळी आहे. तीत सुमारे १५ हजार बारीक पेशी असतात, त्यांना केसांसारखे तुरे असतात. आवाज आला की तुरे हलतात आणि निरोप मेंदूकडे जातो. बारीक, उंच आवाजाच्या पेशी नळीच्या तोंडाशी असतात. हे औषध त्यांना आधी मारते. म्हणून रातकिडा आधी जातो, बायका-मुलांचे बोलणे मागून पुसट होते, आणि ढोल मात्र ऐकू येतो. मेलेली पेशी परत उगवत नाही. मोठ्या आवाजानेही त्या मरतात. लग्नाच्या मिरवणुकीत डीजेच्या पुढे छातीठोक नाचणाऱ्या पोरांना हे कोण सांगणार? आम्ही सांगितले होते. त्यांना ऐकू गेले नाही.

बघा कसे आहे. गाठीतली पेशी थांबायचे विसरलेली, आणि कानातली पेशी वाढायचे विसरलेली. एकीला थांबवायला गेलो तर दुसरी मरते. कोंबडीचे मात्र तसे नाही. १९८८ च्या सुमारास शास्त्रज्ञांना दिसले की पक्ष्यांच्या कानात या पेशी मेल्या तरी पुन्हा उगवतात. उकिरड्यावरच्या कोंबडीला जमते ते माणसाला जमत नाही. का जमत नाही, ते शोधायचे काम जगभर चालू आहे. ताईंनी ज्या विद्येचा पाया आपल्या देशात घातला, ती पेशी नळीत वाढवायची विद्याच त्यालाही लागते. लहान मुलांना सिस्प्लॅटिन द्यावे लागते तेव्हा कान वाचवण्याचे एक औषध २०२२ साली अमेरिकेत मान्य झाले. सिस्प्लॅटिन देऊन झाल्यावर सहा तासांनी ते शिरेतून देतात. ज्यांचा रोग पसरलेला नाही अशा मुलांसाठीच ते आहे. आम्हाला उपचाराआधी कान तपासून घ्या असे कुणी म्हटले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. तुमच्या घरी वेळ आली तर विचारा. कानाला भिऊन औषध मात्र टाळू नका. बहिरा माणूस भाषण देऊ शकतो. मेलेला देऊ शकत नाही.

तंबाखूचे आणखी एक सांगतो, कारण मिश्रीचा डबा आज इथेही कुणाच्या तरी कनवटीला असेल. तंबाखू भाजून काळी केली म्हणजे ती औषध होत नाही. ताईंच्या त्याच संस्थेतल्या पुढच्या शास्त्रज्ञांनी मिश्री तपासली. तिच्यात कॅन्सर करणारी द्रव्ये सापडली. दात घासायला राखुंडी नको, मिश्री तर नकोच. तोंडात पांढरा चट्टा पडला किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारा फोड आला, तर दाखवा.

ताईंनी कुष्ठरोगाचेही काम केले. रोग्यांपासून मिळवलेला एक जंतू त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी प्रयोगशाळेत वाढवला. त्यापासून रोगावरची लस तयार झाली आणि लोकांवर तिची परीक्षा झाली. १९८२ साली सरकारने ताईंना पद्मभूषण दिले.

आम्हाला त्यांची दुसरी दोन कामे जास्त आवडतात. त्यांना दिसे की मुली शास्त्र शिकतात, पदवी घेतात, आणि लग्न झाले की पदवी पेटीत जाते. १९७३ साली त्यांनी अकरा सोबतिणींना घेऊन भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची संघटना काढली. ती आजही वाशीला आहे. आणि उतारवयात ही बाई मुंबईची प्रयोगशाळा सोडून खेड्यात आली. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांची वजने, खाणे, दुबळेपणा यांच्या नोंदी तिने आणि तिच्या सोबत्यांनी केल्या. तिथल्या बायांना आरोग्याचे शिकवले. सूक्ष्मदर्शकातून पाहणारे डोळे शेवटी पोरांच्या ताटात पाहू लागले. ११ एप्रिल २००१ रोजी त्या वारल्या.

२०२१ च्या नोव्हेंबरात त्यांच्या जन्मदिवशी गूगलने त्यांचे चित्र लावले होते. सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या ताई. आमच्या नातीने मोबाईल पुढे धरून विचारले, "आजोबा, ही कोण बाई?" आम्हाला सांगता आले नाही. हुजूरपागेवरून आम्ही शंभरदा गेलो असू. नातीनेच वाचून दाखवले, आणि दोनदा, मोठ्याने. मग आम्ही शोधू लागलो. ते आज तुम्हाला सांगितले.

आता कुणाला काही विचारायचे असेल तर विचारा. एकेकाने, आणि इथे पुढे येऊन, दिव्यासमोर तोंड करून. ओठ दिसले की आम्हाला निम्मे कळते. बायांना चारचौघांत विचारायचे नसेल तर आमच्या मंडळी दाराशी बसल्या आहेत. त्यांना सांगा. उद्या सकाळी त्या आशाताईंकडे जाणारच आहेत.